पसंतीक्रम

फॉर्म एका पानाचा. तीन रकाने:
पहिली पसंती, दुसरी, तिसरी.
शुक्रवारी चारच्या आत बुतिलिएबाईंच्या टेबलावर.

जोसलिनने वर्गात बसल्याबसल्या भरला.
इमर्जन्सी, इमर्जन्सी,
आणि तिसऱ्या रकान्यात एक हसरा चेहरा.
मी कोर्टात लागले तेव्हा ही जन्मायची होती.

चोवीस वर्षं ग्लेस बेच्या कोर्टात स्टेनो होते मी.
माणसं शपथ घेऊन बोलायची, मी बोटांनी ऐकायचे.
खरं-खोटं माझ्याकडे नव्हतं.
कोणी रडलं तर कंसात लिहायचं: साक्षीदार रडते.
कोणी बोललंच नाही तर: उत्तर नाही.
मग साबणाच्या वडीएवढं एक काळं यंत्र आलं,
ते ऐकायला लागलं,
आणि त्यांनी केक कापून मला निरोप दिला.

परतीचे दोर मी कापले, असं बहीण सगळ्यांना सांगते.
कापायला दोर होतेच कुठे, वर्ना?
हे मी स्वतःशीच म्हणते. तिला म्हणत नाही.

तिला वाटतं मी बाळांकडे जावं, माझे हात मऊ आहेत म्हणून.
गेले होते. दोन आठवडे.
काचेच्या पेटीत माझ्या हातमोज्याएवढा एक मुलगा,
आणि मी आठ तास श्वास रोखून उभी.
श्वास रोखून कोणी नोकरी करतं का?
आयसीयूत पडदे बोलतात, माणसांच्या घशात नळी.
तिथे मला फार शांत वाटलं,
म्हणूनच नको वाटलं.

डायलिसिस कोणी मागत नाही.
तिथे कोणी बरं होत नाही, टाळ्या वाजत नाहीत,
मूत्रपिंड परत येत नाही,
फक्त मंगळवार परत येतो.

तर मार्चमधला मंगळवार. बंदर बर्फाने गच्च.
सहा नंबरच्या खुर्चीत एम्ब्रोज गिलिस.
चेहरा नाही ओळखला मी, आवाज ओळखला.
अकरा वर्षांपूर्वीची चौकशी, बुडालेली बोट,
दोघं गेले, त्यातला एक याचा भाऊ.
दोर कोणी सोडला, मिस्टर गिलिस?
चाळीस सेकंद. खिडकीवर गारा.
मी टाइप केलं: उत्तर नाही.

त्याने मला ओळखलं नाही.
स्टेनोकडे कोण बघतं?

"सुई नंतर," बुतिलिएबाई म्हणाल्या, "आधी हात लाव."
त्याच्या दंडावर फुगलेली ती शीर,
आणि माझ्या बोटांखाली थरथर,
धुक्यात लांब कुठेतरी इंजिन चालू असावं तशी.
"चालू आहे ना?" त्याने विचारलं.
"चालू आहे," मी म्हटलं.
चोवीस वर्षांत साक्षीदाराला दिलेलं माझं पहिलं उत्तर.

चार तास. चहा घोटभरच, मोजून.
हॉकीबद्दल बोलला, जावयाच्या ट्रकबद्दल बोलला,
बटाटे दोनदा उकळून पाणी फेकायचं, हे डॉक्टरांचं खूळ,
त्याबद्दल तर फारच बोलला.
आणि तिसऱ्या तासाला, छताकडे बघत,
मला नाही, कोणालाच नाही:
"हात गारठले होते माझे त्या दिवशी."

ब्लँकेटवर माझी बोटं आपोआप हलली.
मी मूठ मिटली.

चार्टवर लिहिलं:
रक्तदाब एकशे अडतीस, ब्याऐंशी. तक्रार नाही.

शुक्रवारी चारला दहा कमी असताना
मी पहिल्या रकान्यात एकच शब्द लिहिला.
बुतिलिएबाईंनी चष्मा वर सरकवला,
तिन्ही भरावे लागतात म्हणाल्या, नियम आहे,
आणि इतकी घाई कसली, विचार कर,
रोज तीच माणसं, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस खुर्ची रिकामी.

मला माहीत होतं ते. तरी काही बोलले नाही.
चाळीस सेकंद झाले असतील.
त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं,
उरलेल्या दोन रकान्यांवर एक तिरकी रेघ ओढली
आणि म्हणाल्या, गुरुवारी सहाला ये,
गिलिसला उशीर चालत नाही.